वाचक विचारतात: एक्झॉस्ट फॅन ओरडतोय, तेल घालू का?

या वेळी एक्झॉस्ट फॅनवरचीच पत्रं इतकी साठलीत की बाकीचे प्रश्न सरळ पुढच्या अंकात ढकललेत. पत्रं थोडी आटोपशीर केलीत, नावं देत नाही. आणि एक गोष्ट आधीच सांगून टाकतो, कारण जवळपास प्रत्येक पत्रात 'आवाज बंद कसा करायचा' एवढंच विचारलंय. आवाज कुठून येतोय ते आधी शोधा, मग बंद करायचं बघू. तेल हे सगळ्या आवाजांवरचं औषध नाही, काही आवाजांवर तर ते घालणं म्हणजे निव्वळ दुखणं पुढे ढकलणं.

प्रश्न: बाथरूमचा फॅन सकाळी लावला की पहिली काही मिनिटं खडखड घरघर करतो, मग आपोआप शांत होतो. पण हल्ली शांत व्हायला जास्तच वेळ लागायला लागलाय. मिस्टर म्हणतात घरात गंज सोडवायचा स्प्रे आहे, जाळीतूनच मारू दोन फवारे, काय होतंय. मला ते धोक्याचं वाटतंय पण का ते सांगता येत नाहीये. तेल घालायचं का, आणि तोपर्यंत फॅन वापरला तर चालेल का?

उत्तर: तुम्हाला वाटतंय ते बरोबर आहे, मिस्टरांना स्प्रे जागेवर ठेवायला सांगा. जाळीतून मारलेला फवारा जिथे जायला हवा तिथे जातच नाही, तो बसतो पात्यांवर आणि मोटरच्या वाइंडिंगवर (आतल्या तारेच्या वेटोळ्यांवर), मग त्यावर धूळ चिकटते. शिवाय अशा डब्यांतला वायू बहुतेक वेळा ज्वालाग्राही असतो, आणि समोर असते तापलेली मोटर. आणि हे सगळं सोडलं तरी तो स्प्रे गंज सैल करायला बनवलेला असतो, वंगण म्हणून टिकत नाही, उलट आत जे थोडं जुनं तेल उरलंय तेही पातळ करून धुऊन काढतो. दोन दिवस फॅन गप्प बसतो, सगळे खूश, आणि मग आधीपेक्षा जोरात ओरडायला लागतो.

आता तुमच्या फॅनचं 'आधी खडखड मग शांत' हे लक्षण फार बोलकं आहे. घरगुती छोट्या फॅनात बऱ्याचदा बॉल बेअरिंग नसतं, शाफ्ट, म्हणजे पाती फिरवणारा दांडा, एका बुशमध्ये, म्हणजे धातूच्या छोट्या नळकांड्यात, फिरतो. हा बुश ब्राँझची पूड दाबून, भाजून केलेला असतो, त्याच्या अंगात बारीक छिद्रं असतात आणि त्यात तेल भरलेलं असतं. फॅन फिरून बुश तापला की तेल बाहेर येऊन शाफ्टभोवती पातळ थर धरतं, गार झाला की पुन्हा आत शोषलं जातं. तेल कमी झालं किंवा धुळीने घट्ट झालं की तो थर धरायला वेळ लागतो, तेवढा वेळ धातूवर धातू घासतो, तीच तुमची सकाळची खडखड. पात्यांवरच्या मळाने आवाज येत असता तर तो तापल्यावर थांबला नसता. म्हणजे बुश कोरडा पडत चाललाय असं मी धरून चालतो.

तरी एक साधी परीक्षा करा, बाकीच्यांनीही करा. फॅन पूर्ण वेगात असताना नीट ऐका, मग स्विच बंद करा आणि पाती थांबेपर्यंत ऐकत राहा. स्विच बंद केल्याक्षणी आवाज गेला, पण पाती अजून फिरतायत, तर तो आवाज विजेचा. ५० हर्ट्झच्या पुरवठ्यावर मोटरचा लोखंडी गाभा सेकंदाला १०० वेळा थरथरतो (६० असेल तिथे १२०), गाभ्याच्या पट्ट्या किंवा मोटरचे स्क्रू ढिले असले की ती गुणगुण वाढते. पात्यांबरोबर आवाजही हळूहळू उतरत गेला तर दोष फिरणाऱ्या भागात, म्हणजे बुश, पाती, नाहीतर काहीतरी घासतंय. आणि उतरताना मध्येच एका ठरावीक वेगाला सगळं एकदम थडथडलं आणि पुन्हा गप्प झालं, तर चौकट किंवा स्क्रू ढिले आहेत, फॅन बिचारा ठीक असेल.

उघडायच्या आधी मात्र वीज. भिंतीवरचं बटण बंद केलं म्हणजे वीज गेली असं समजायचं नाही. जुन्या वायरिंगमध्ये बटण चुकून न्यूट्रलवर असतं, मग फॅन थांबतो पण फेज आत जिवंतच. दिवा बंद केल्यावरही काही वेळ फिरत राहणारे टायमरवाले फॅन असतात, त्यांना तर मुद्दामच एक कायमची जिवंत वायर दिलेली असते. म्हणून मुख्य बोर्डावरून त्या भागाचा एमसीबी पाडायचा, घरच्यांना सांगायचं की हात लावू नका, आणि मग टेस्टर लावून बघायचं. टेस्टरसुद्धा आधी चालू असलेल्या दुसऱ्या सॉकेटवर पेटतोय का बघा, मग फॅनच्या वायरींवर लावा, मग पुन्हा त्या सॉकेटवर. टेस्टर पेटला नाही याचा अर्थ वीज नाही असा असू शकतो, किंवा टेस्टरच गेलाय असाही. ओल्या फरशीवर स्टूल ठेवून चढू नका, शिडी घ्या, कोणाला तरी खाली उभं करा. पत्र्याच्या चौकटीच्या कडा हाताला कापतात, हातमोजे घाला.

तेल म्हणजे शिलाई मशीनला घालतात ते पातळ तेल, २-३ थेंब, शाफ्ट जिथे बुशमध्ये शिरतो नेमकं तिथे. मोटरला पुढे-मागे दोन बुश असतात, मागच्याला लोक विसरतात. घातल्यावर पाती हाताने फिरवत राहा, अर्धा तास मुरू द्या, बाहेर आलेलं पुसून टाका, जास्त घातलं तर ते वाइंडिंगवर उडतं. खायचं तेल नको, ते काही दिवसांत चिकट होऊन गोंद बनतं. आणि शाफ्ट धरून वर-खाली हलवून बघा, खटखट जाणवली तर बुश झिजलाय, त्याला तेलाने काही होणार नाही, बुश नाहीतर मोटरच बदलावी लागेल. आत बॉल बेअरिंग निघालं तर त्याच्यावर आकडा कोरलेला असतो, ६०८ किंवा ६२०१ असा काहीतरी. ६०८ म्हणजे भोक ८ मिमी, बाहेरचा व्यास २२, जाडी ७. दोन्ही बाजूंनी झाकलेलं असेल तर वरून घातलेलं तेल आत जात नाही, त्याच आकड्याचं नवीन बसवून घ्यायचं.

तोपर्यंत वापरायचा तर वापरा, पण तुम्ही जागे आणि घरात असताना. रात्रभर किंवा बाहेर जाताना चालू ठेवायचा नाही. वेग कमी वाटला, जळका वास आला, किंवा खडखड थांबायचीच बंद झाली की त्या दिवसापासून बंद.

प्रश्न: आमचा फॅन बटण दाबलं की नुसता हुंमम करतो, फिरत नाही. लाकडी पट्टीने पात्याला जरा ढकललं की मस्त सुरू होतो. बरेच दिवस असंच चाललंय, सवय झालीये सगळ्यांना. आवाज मात्र वाढतोय. चालेल ना?

उत्तर: नाही चालणार, आजच्या सगळ्या पत्रांत मला सगळ्यात जास्त काळजी वाटली ती तुमची. मोटरला वीज आहे पण ती फिरत नाहीये अशा वेळी ती नेहमीपेक्षा बराच जास्त करंट ओढते, आणि तिला गार करणारी हवाही नसते कारण पाती थांबलेली. सगळी वीज नुसती उष्णता होते. तुम्ही समोर आहात म्हणून पट्टी मारता, पण एखाद्या दिवशी कोणी बटण दाबून निघून गेलं तर तो तासन् तास तसाच हुंमम करत तापत बसणार, वर पात्यांवर आणि मोटरवर धूळ आणि तेलकट थर. आग लागायला एवढं पुरतं.

असं का होतं ते सांगतो म्हणजे पट्टी सोडाल. घरातल्या सिंगल फेज विजेवर मोटरला नुसत्या मुख्य वाइंडिंगने 'कुठल्या दिशेने फिरू' हेच ठरवता येत नाही. दुसरं वाइंडिंग आणि त्याच्याशी जोडलेला कपॅसिटर तिला दिशा दाखवतात. कपॅसिटर गेला की मोटर जागच्या जागी थरथरते, तोच हुंमम. पट्टीने ढकललं की दिशा तुम्ही देता आणि ती पळते. उलटं ढकललं तर उलटीही पळेल, आणि मग घाण हवा बाहेर जायच्या ऐवजी घरात. (अगदी छोट्या काही फॅनात कपॅसिटर नसतो, गाभ्यावर तांब्याची एक कडी असते, ती हेच काम करते. तिथे हुंमम आला तर बहुतेक बुश जाम.)

एमसीबी पाडून पाती हाताने फिरवा. जड फिरली, अडकली तर बुश जाम किंवा मळ. मोकळी फिरली, सोडल्यावर स्वतःहून दोन-चार फेऱ्या मारल्या तर संशय कपॅसिटरवर. तो बदलणं मोठं काम नाही पण ते इलेक्ट्रिशियनकडूनच करून घ्या. वीज बंद केल्यावरही कपॅसिटर चार्ज धरून ठेवू शकतो, आणि त्याच्या टोकांना स्क्रूड्रायव्हर टेकवून ठिणगी पाडायचा जो शूरपणा लोक करतात तो करू नका. नवीन घेताना अंगावर छापलेले मायक्रोफॅरड तेवढेच हवेत, व्होल्टेज तेवढंच किंवा जास्त चालेल. मायक्रोफॅरड वाढवले की फॅन जोरात पळेल हा समज चुकीचा आहे, मोटर तापते फक्त.

आणि फॅन एक दिवस एकदम गप्प झाला, हुंममही नाही, तर वाइंडिंगमध्ये बसवलेला थर्मल फ्यूज उडाला असेल. तो एकदाच उडतो, परत जुळत नाही. 'वायरने डायरेक्ट करून देतो' असं कोणी म्हटलं तर त्याला चहासुद्धा विचारू नका. तो फ्यूज मोटर पेटू नये म्हणूनच आत ठेवलेला असतो.

प्रश्न: स्वयंपाकघरातला फॅन खूप मळला होता, मीच काढून स्वच्छ केला, आणि आता आधीपेक्षा जास्त थरथरतो! आधी आवाज होता पण एवढा नव्हता. असं कसं?

उत्तर: होतं असं, आणि जास्त कष्ट करणाऱ्यांच्याच बाबतीत होतं. तीन शक्यता. एक, सगळी पाती सारखी स्वच्छ झाली नाहीत. पुढून चकचकीत, मागे एखाद्या पात्याला जुना थर तसाच. थोडासा मळ काय करणार असं वाटतं, म्हणून हिशोबच देतो: मध्यापासून १० सेंटीमीटरवर ५ ग्रॅम थर एकाच बाजूला राहिला आणि फॅन मिनिटाला १३५० फेऱ्या मारतोय, तर तो शाफ्टला साधारण १ किलो वजनाएवढ्या जोराने बाहेर ओढतो, आणि ही ओढ सेकंदाला बावीस-तेवीस वेळा गोल फिरते. चौकट थरथरणार नाही तर काय होईल. आधी थर जाड होता पण सगळीकडे सारखा होता, म्हणून कमी हलत होतं.

दुसरी, घासताना एखादं पातं वाकलं. पाती फिरवत एका काडीच्या टोकासमोरून एकेक नेऊन बघा, सगळ्यांचं टोक त्याच अंतरावरून जायला हवं. पत्र्याचं पातं असेल तर अंदाजाने वाकवून सरळ करायच्या फंदात न पडलेलं बरं, त्याच मापाचं नवीन मिळतं. प्लॅस्टिकच्या पात्याला बारीक चीरही शोधा, चीर असलेलं पातं वेगात सुटतं, ते परत लावायचंच नाही.

तिसरी, आणि माझा अंदाज हीच, पाती नीट बसली नाहीत. शाफ्टला एका बाजूने सपाट कापलेलं असतं, पात्याच्या मधल्या गोळ्याचा छोटा स्क्रू बरोबर त्या सपाटीवर यायला हवा, गोलाईवर आवळला तर पाती किंचित तिरकी बसतात. नट असेल तर काही फॅनात तो उलट्या आट्यांचा असतो, सुटत नाही म्हणून जोर लावण्याआधी उलटा फिरवून बघा. आणि मागे शाफ्टवर एखादा वॉशर होता का, तो पाण्यात वाहून गेला का हेही आठवा.

पुढच्या वेळेसाठी: कोमट पाणी आणि भांड्याचा साबण पुरतो, थोडा वेळ भिजू द्यायचं. अल्युमिनियमच्या पात्यांना कॉस्टिक सोडा अजिबात नको, तो धातूच खातो आणि हायड्रोजन वायू सुटतो. पेट्रोल, थिनर तर कुठल्याच पात्याला नको. मोटरवर पाणी मारायचं नाही, कोरड्या ब्रशने झाडायची. सगळं खडखडीत वाळल्यावरच जोडायचं.

प्रश्न: आवाज कमी व्हावा म्हणून जुना काढून मोठा, चांगला फॅन बसवला तर आता शिट्टीसारखा आवाज येतो आणि दार उघडताना ओढ लागते. बाथरूममध्ये गॅस गीझर पण आहे, म्हणून वाटलं मोठा फॅन बरा.

उत्तर: शिट्टीचं नंतर, गीझरचं आधी. गॅस गीझर आणि हवा बाहेर ओढणारा जोरदार फॅन एकाच बंद खोलीत, ही जोडी जीवघेणी ठरू शकते. फॅन जेवढी हवा बाहेर फेकतो तेवढी कुठून तरी आत यायलाच हवी. दार बंद, खिडकी बंद, मग ती येते गीझरच्या धुराच्या नळीतून उलटी, आणि जळलेला वायू बाहेर जायच्या ऐवजी खोलीत उतरतो. त्यात कार्बन मोनॉक्साइड असतो, त्याला रंग नाही, वास नाही. डोकं दुखणं, मळमळ, गरगरणं, आणि मग माणूस उठूच शकत नाही. तुमचं दार ओढ घेतंय म्हणजे खोलीत हवा कमी पडतेय याचा पुरावाच आहे. गॅसचं काम जाणणाऱ्या माणसाकडून तपासून घेईपर्यंत गीझर वापरू नका, फॅन बंद ठेवूनही नको. बाहेरच्या मोकळ्या जागेत हलवता आला तर फारच उत्तम. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म मिळतो तोही बसवा, पण अलार्म आहे म्हणून गीझर आतच ठेवायचा असं नको.

गीझर बंद असतानाच शिट्टी तपासा. दार थोडं उघडलं की आवाज बदलला, शिट्टी गेली, तर फॅनमध्ये दोष नाही, त्याला हवाच मिळत नाहीये आणि तो फटीफटीतून ओढतोय. दाराखाली साधारण १ सेंटीमीटरची फट किंवा दारात जाळी, एवढ्याने बऱ्याचदा भागतं. दार उघडूनही शिट्टी येत राहिली तर बाहेर जाणारी नळी बघा. वळ्यावळ्यांचा लवचीक पाइप नीट न ताणता तसाच गोळा करून कोंबलेला असतो, किंवा मोठ्या फॅनला जुनाच बारीक पाइप जोडलेला असतो. पाइप जेवढा सरळ आणि आखूड तेवढा फॅन गप्प.

प्रश्न: रेग्युलेटर लावून स्लो ठेवला तर?

उत्तर: फॅन निरोगी असेल तर फरक पडतो. वेग २० टक्के कमी केला की हवेचा आवाज साधारण ५ डेसिबलने उतरतो, हवाही २० टक्के कमी जाते, म्हणजे सौदा वाईट नाही. पण दिव्याचा डिमर लावू नका, तो विजेची लाट कापून देतो आणि मोटर गुणगुणायला लागते, कधी तापतेही. कंपनीने त्या मॉडेलला चालतो म्हणून सांगितलेलाच रेग्युलेटर लावा. टायमरवाल्या फॅनला नकोच. आणि बुश कोरडा पडलेला फॅन स्लो केला तर तो सुरू व्हायलाच अडखळतो, मग वरच्या पट्टीवाल्या पत्रासारखी गत.

प्रश्न: फॅनच्या पाइपात फडफड आणि चिवचिव ऐकू येते. फॅन जोरात लावला तर पक्षी निघून जातील का?

उत्तर: निघून जाणार नाहीत, पात्यात येतील. फॅन लावू नका, बटणावर चिकटपट्टी लावून ठेवा म्हणजे चुकून कोणी दाबणार नाही. पिल्लं असतील तर उडून जाईपर्यंत थांबा. मग वीज बंद करून, मास्क आणि हातमोजे घालून, घरटं आणि विष्ठा आधी ओली करून काढा, कोरडी खरवडलीत तर तिची धूळ श्वासात जाते आणि त्यातून फुप्फुसाचे आजार होऊ शकतात. बाहेरच्या तोंडाला जाळी लावा, पण फार बारीक नको, बारीक जाळी कपड्यांच्या तंतूंनी आणि धुळीने लवकर बुजते.

प्रश्न: फॅन बंद असतो तरी रात्री वारा सुटला की टकटक टकटक. झोप लागत नाही. फॅनची वायर काढून ठेवू का?

उत्तर: वायर काढून काही होणार नाही, तो फॅन नाहीच, बाहेरच्या झडपा वाऱ्याने आपटतायत. झडपा टेकतात त्या कडेला फोमची पातळ चिकटपट्टी लावा, झडपांची खिट्टी झिजली असेल तर झडपच बदला. तार बांधून किंवा चिकटवून त्या कायमच्या बंद करू नका, मग दिवसा फॅन लावला की हवा कोंडते, मोटर तापते, आणि बाथरूमच्या कोपऱ्यात बुरशी धरते. पट्टी लावल्यावर एकदा फॅन चालू करून बाहेरून बघा, झडपा पूर्ण उघडतायत ना. अर्धवट उघडत असतील तर पट्टी जाड झालीये, पातळ घ्या. आणि झडपा उंचावर बाहेरच्या भिंतीला असतील तर खिडकीतून वाकून हे करायचं नाही, आतून फॅन काढून हात पोचत असेल तर वीज बंद करून तिथून, नाहीतर शिडी घेऊन येणाऱ्या माणसाला बोलवा.